आधी पेच बघायचा: चोर बाजार ते जुना बाजार

शुक्रवार

मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, म्हणून पुष्कळ लोक शुक्रवार सोडून चोर बाजारात जातात. आम्ही मुद्दाम शुक्रवारच धरला. त्या दिवशी बंद शटरांसमोर, उजाडायच्याही आधीपासून, रस्त्यावर जो माल पसरलेला असतो तो इतर दिवशी दिसत नाही. दुपारी जुम्म्याच्या नमाजाच्या आत सगळं उचललं जातं. उशिरा उठणाऱ्यांचा हा बाजार नव्हे. मी आणि मामा डोंबिवलीहून पहाटेची लोकल धरून सँडहर्स्ट रोडला उतरलो. डोंगरीच्या बाजूने चालत भेंडी बाजाराच्या नाक्यावर पोचलो, तेव्हा आकाश अजून काळंच होतं आणि रस्त्यावर शेकडो टॉर्च फिरत होते.

मामांची ओळख करून द्यायला हवी. ते परळच्या एका कापड गिरणीत फिटर होते. १९८२ च्या संपानंतर डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. ‘अँटिक’ या प्रकारात त्यांना काडीचा रस नाही. वस्तू कुणी उघडली, कधी उघडली आणि कशाने उघडली, एवढंच त्यांना बघायचं असतं. खांद्याच्या शबनममध्ये भिंग, लहान टॉर्च, लोहचुंबकाचा तुकडा आणि पेचकस. जुन्या बाजारात फिरायला असा माणूस सोबत असला की भाव कमी होतोच असं नाही, पण मोह हमखास कमी होतो.

माझी यादी छोटी होती. एक फिरकीचा तांब्या, म्हणजे आट्यांच्या झाकणाचा, प्रवासात पाणी न्यायचा पितळी तांब्या. आणि जमल्या तर मराठी नाट्यसंगीताच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या. आमच्या घरातला तांब्या मी शाळेत असताना स्टीलच्या डब्यांच्या बदल्यात गेला. त्या काळात घरोघरी हेच चाललं होतं, आम्ही काही वेगळे नव्हतो.

रस्त्यावरच्या मालाचं वर्णन करणं अवघड आहे, कारण त्याला काही क्रमच नाही. ताडपत्रीवर टीव्हीचे रिमोट, त्यांच्याशेजारी दातांच्या डॉक्टरची हत्यारं, मग बूट (बहुतेक जोडीने, काही एकटे), मोबाइलचे चार्जर, ड्रिल मशिनं, कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम. अल्बम उघडून मी मिटून ठेवला. पहाटेचं गिऱ्हाईक म्हणजे बहुतांशी दुकानदारच. वाकून, टॉर्च मारून, एक शब्द न बोलता माल उचलतात आणि पैसे टेकवतात. काल रात्रीपर्यंत कुठल्या तरी फ्लॅटच्या माळ्यावर असलेली वस्तू आज फुटपाथवर येते आणि उद्या त्याच गल्लीत काचेच्या कपाटात जाऊन बसते. भाव मधल्या एका रात्रीत वाढतो.

मामांना पहिल्या अर्ध्या तासातच त्यांचं घबाड सापडलं. गंजलेल्या पान्यांच्या ढिगात एक मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं हत्यार होतं, शेफील्डच्या मूर अँड राइट कंपनीचं. त्यांनी तो मायक्रोमीटर उचलला, दोन्ही तोंडं धोतराच्या कापडाच्या तुकड्याने पुसली (हा तुकडाही शबनममध्ये असतो), हळूच मिटवला आणि टॉर्चच्या उजेडात शून्यावर शून्य येतंय का ते पाहिलं. आलं. विकणाऱ्याला तो ‘नट नापने का’ वाटत होता. दोनशे रुपये. मामांनी घासाघीस केली नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. नंतर म्हणाले, “ह्याच्यावर भाव करायला लाज वाटली असती.”

पुढे एका मुलाकडे लाकडी धोटे मांडलेले होते. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा तो धोटा. मधल्या खोबणीत, जिथे कांडी बसते, तिथे त्याने मेणबत्त्या उभ्या केल्या होत्या. “कँडल स्टँड है अंकल, घर में अच्छा लगता है.” आता मामा काहीतरी बोलतील असं मला वाटलं. त्यांनी धोटा हातात घेतला, टोकाचं लोखंड अंगठ्याने चाचपलं आणि म्हणाले, “हा चाललेला आहे. तो दुसरा बघ, टोकावर ओरखडासुद्धा नाही. तो स्टोअरमध्येच पडून राहिला असणार.” एवढंच. परळ-लालबागच्या गिरण्यांतल्या सामानाचं पुढे काय झालं, याचं एक उत्तर चोर बाजारात मिळतं, आणि ते मेणबत्त्यांसकट मिळतं.

तबकड्या एका म्हाताऱ्या चाचांकडे होत्या. ते त्यांना ‘तवे’ म्हणत होते. गोणपाटावर आडव्या रचून ठेवलेल्या. ते बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण लाखेची तबकडी आडव्या थप्पीत वजनाखाली तडकते. ती उभीच ठेवायला हवी. हो, लाखेचीच. विनाइलच्या आधीच्या या तबकड्या दगडाच्या भुकटीत लाख मिसळून बनत, आणि लाख जगभर जायची ती मुख्यतः हिंदुस्थानातून. म्हणून त्या स्पिरिटने कधी पुसू नयेत. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि गाणंही तिच्याबरोबर जातं. तबकडी तपासायची सोपी रीत अशी: मधल्या भोकात बोट घालून उभी धरायची आणि कडेला नखाने हलकेच टिचकी मारायची. साबूत असेल तर स्वच्छ वाजते, तडा असेल तर बद्द आवाज येतो. मग टॉर्च तिरपा धरून खाचा बघायच्या. पोलादी सुई दर बाजूला बदलायची असते, पण ती बदलायचा कंटाळा कुणी केला असेल तर खाचा करड्या पडलेल्या दिसतात.

या गल्लीत तबकड्या शोधण्यात एक वेगळी गंमत आहे. गाण्यातलं भेंडी बाजार घराणं याच वस्तीच्या नावाचं. एकोणिसाव्या शतकात छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ उत्तरेतून येऊन इथे राहिले. नझीर खाँसाहेबांकडे अंजनीबाई मालपेकर शिकल्या. पुढच्या पिढीतल्या अमान अली खाँसाहेबांकडे लता मंगेशकरांनी तालीम घेतली. आज त्या रस्त्यावर उभं राहून कुणाला घराण्याबद्दल विचारलं तर तो बिर्याणीच्या दुकानाकडे बोट दाखवेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

चाचांच्या थप्पीत हिंदी सिनेमाच्या तबकड्या जास्त होत्या. त्यातून हिराबाई बडोदेकरांची एक एचएमव्ही कंपनीची आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची एक ओडियन कंपनीची निघाली. खाँसाहेबांनी ओडियनसाठी ध्वनिमुद्रण केलं ते १९३० च्या दशकात, आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत. हिराबाई त्यांच्याच कन्या. बाप-लेक एकाच थप्पीत, मध्ये कुठल्या तरी स्टंटपटाची तबकडी. तीन मिनिटं एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला; एवढ्या जागेत राग मांडायचा म्हणजे काय, हे त्या पिढीने ज्या धिटाईने केलं त्याला तोड नाही. चाचांनी दोन्हींचे आठशे सांगितले. मी पाचशे म्हणालो. ते म्हणाले, “बोहनी का टाइम है, छे सौ दे दो, और ये ले जाओ,” आणि वर सुयांची एक पत्र्याची डबी दिली. डबीवर एचएमव्हीचा तोच कर्ण्यात कान देऊन बसलेला कुत्रा. आत अर्ध्या सुया गंजलेल्या, अर्ध्या बऱ्या.

साडेनऊला ऊन रस्त्यावर आलं आणि गर्दी बदलली. आता मोबाइलने फोटो काढणारे आले. आम्ही कडेच्या एका इराण्याकडे ब्रून-मस्का खाल्ला. बाहेर नळी-निहारीचा वास सुटला होता, पण मामांचा शुक्रवार असतो. समोर भेंडी बाजाराच्या पुनर्बांधणीतले उंच टॉवर उभे होते. सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने हाती घेतलेलं हे काम साडेसोळा एकरांवर पसरलेलं आहे आणि त्यात सुमारे अडीचशे जुन्या इमारती पाडून नव्या बांधायच्या आहेत. त्या जुन्या इमारतींचे दरवाजे, जिन्यांचे कठडे, रंगीत काचा यांचं काय होत असेल, असं मी म्हणालो. मामांनी नुसतं गल्लीकडे बोट दाखवलं.

शनिवार

आज दुकानं उघडी. कालच्या फुटपाथवरच्या गोंगाटापेक्षा हा कपाटातला बाजार मला जास्त फसवा वाटतो, कारण इथे वस्तूंवर प्रकाश नीट पडतो.

पहिल्याच दुकानात पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन. चकचकीत कर्णा, कोरीव लाकडी पेटी, पेटीवर कुत्र्याचा बिल्ला. “उन्नीस सौ दस का पीस है साब.” मामांनी परवानगी घेऊन पेटी कलती केली आणि खालून टॉर्च मारला. तळाची पट्टी चार पेचांनी बसवलेली होती आणि चारही पेच फुलीच्या खाचेचे, ज्यांना कारागीर ‘स्टार’ म्हणतात. हा पेच अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांत रुळला तो १९३० च्या दशकात. १९१० च्या पेटीत तो येणार कसा? दुकानदार हसला. म्हणाला, “अंदर की मशीन तो पुरानी है.” आणि त्याचं हे म्हणणं खरंही होतं! या ‘जुन्या’ ग्रामोफोनांची ठरलेली कहाणी आहे. एचएमव्हीचे पेटीसारखे मिटणारे प्रवासी ग्रामोफोन एकेकाळी घरोघर होते. त्यांची पेटी कुजली की आतलं चावीचं यंत्र आणि साउंडबॉक्स, म्हणजे सुई बसते आणि आवाज उमटतो तो भाग, काढायचा, नवीन पेटी करायची, नवीन पितळी कर्णा जोडायचा. परदेशातल्या जाणकारांनी याला फार वाईट नाव ठेवलं आहे. मला मात्र त्यातल्या कारागिरीचा राग येत नाही, राग येतो तो ‘उन्नीस सौ दस’चा. “आज बनाया, पुराने पुर्जे से” असं सांगून विकला तर मी एखादा घेईनही. ज्याला गाणी ऐकायची आहेत त्याने कर्ण्याच्या मागे न लागता तो मिटणारा, काळ्या रेक्झिनचा, दिसायला साधा प्रवासी ग्रामोफोनच शोधावा. तो अस्सल मिळण्याची शक्यता जास्त, कारण त्याची नक्कल करून कुणाला फार काही मिळत नाही.

शेजारी जहाजाच्या सामानाचं दुकान. होकायंत्रं, दुर्बिणी, सुकाणूची चाकं. मुंबईत दारूखान्याला जहाजं तोडली जातात, गुजरातेत अलंगला तर प्रचंड प्रमाणावर, त्यामुळे खरं सामानही या गल्लीत येतं: जाड काचेच्या गोल खिडक्या, बोटीवरचे दिवे, एकेक उचलायला दोन माणसं लागतील असे. पण ‘स्टॅन्ली लंडन १८८५’ असं कोरलेलं तळहाताएवढं होकायंत्र दिसलं की पुढे जावं. तशी पोत्याने बनतात, रुडकी हे त्यांचं मोठं केंद्र. बोटीवरची वस्तू वजनदार, ओबडधोबड असते आणि तिच्यावर रंगाचे थरावर थर असतात, कारण खाऱ्या हवेत दर वर्षी रंग द्यावाच लागतो. जी वस्तू टेबलावर शोभेल अशी बेताची आहे ती बोटीवरून आलेली नाही.

घड्याळांच्या टेबलाशी मी रेंगाळलो. फावर-ल्यूबा, वेस्ट एंड, एचएमटी. फावर-ल्यूबाचं मुंबईशी नातं १८६५ पासूनचं, वेस्ट एंडची ‘सोवार’ तर रेल्वे आणि पलटणीतल्या लोकांच्या मनगटावर पिढ्यान् पिढ्या होती. टेबलावरच्या घड्याळांच्या तबकड्या मात्र भगव्या, पोपटी, निळ्या, आणि आकडे काल छापल्यासारखे. काल नाही तरी अलीकडेच छापलेले. जुनं यंत्र, घासलेली केस, नव्याने रंगवलेली तबकडी आणि भलत्याच घड्याळाचे काटे; परदेशातल्या घड्याळशौकिनांत या प्रकाराला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचं नाव कशाकशाला लागतं! मामांनी भिंग लावून ‘स्विस मेड’ ही अक्षरं दाखवली. खऱ्या तबकडीवर ती केसासारखी बारीक आणि रेखीव असतात, इथे शाई पसरली होती. एचएमटीची ‘जनता’ त्यातल्या त्यात सुरक्षित, असं मामांचं मत. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला हा कारखाना सुरू झाला. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला आणि लगेच ‘जनता’चे भाव चढले. म्हणजे आता तिच्याही नकला येणार. मी घेतली नाही.

एका दुकानात आतल्या खोलीत नेऊन, पडदा सारून, एक काळपट मूर्ती दाखवण्यात आली. देवळातली, फार जुनी, कुणाला बोलू नका. मी चहा संपवला आणि उठलो. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीसारख्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. त्यांची नोंदणी लागते, विक्रेत्याला परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. अशी मूर्ती खरी असेल तर गुन्हा, खोटी असेल तर भुर्दंड.

पाय दुखायला लागले तेव्हा रविवर्म्याची लक्ष्मी भेटली. चौकट काळवंडलेली, काचेवर धूळ, साडीवर जर आणि टिकल्या चिकटवलेल्या. पूर्वी घरातल्या बायका असं चित्र सजवत असत. भाव नऊ हजार. मी भिंग मागितलं. दगडावरून छापलेल्या जुन्या चित्रात चेहऱ्याच्या छटा कारागिराने हाताने टिंबं देऊन केलेल्या असतात, त्यामुळे ती लहानमोठी आणि वेडीवाकडी पडलेली दिसतात. आताच्या ऑफसेट छपाईत टिंबं कवायतीला उभी केल्यासारखी रांगेत असतात. लक्ष्मीच्या गालावर कवायत चालू होती. जर मात्र खरी जुनी होती. दुसऱ्या कुठल्या तरी खराब झालेल्या चित्रावरून सोडवून या नव्या चित्रावर लावलेली असावी. इतकी मेहनत!

संध्याकाळी मुंबईहून डेक्कन क्वीन धरली. ही गाडी स्वतःच १ जून १९३० पासून धावते आहे, तेव्हा आमच्या प्रवासात तीही बसते. डायनिंग कारमधलं कटलेट खाताना मामा मायक्रोमीटर काढून त्याची जाडी मोजायला निघाले होते. त्यांना मी आवरलं. लोणावळा सोडल्यावर खिडकीबाहेर अंधार होता. मळवली गाडीच्या वेगात कधी गेलं ते कळलंही नाही. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांतच इथे मळवलीला हलला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीचे जे चेहरे आपल्याला ‘खरे’ वाटतात ते देशभर गेले याच घाटमाथ्यावरच्या गावातून. या वाटेवर रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे. मलाही ते एका चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘कार्ला-लोणावळा’ वाचलं तेव्हाच कळलं होतं.

रविवार

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मंगळवार पेठेच्या बाजूला, शाहीर अमर शेख चौकाजवळ; त्या चौकाला सगळे जुना बाजार चौक असंच म्हणतात. मुंबईच्या मानाने इथला कारभार निवांत. काचेची कपाटं नाहीत, आतली खोली नाही. पुष्कळसा बाजार हत्यारांचा आणि लोखंडाचा: पाने, पक्कडी, साखळ्या, कुलपं, बिजागऱ्या, पाण्याच्या मोटारी. शेतकरी येतात, गॅरेजवाले येतात, सुतार येतात. हौशी लोक कमी, आणि म्हणून माल बरा. मामा माझ्याआधी घुसले आणि बराच वेळ दिसलेच नाहीत.

नाण्यांवाले ओळीने बसले होते. शिवराई इथे हमखास दिसते. तांब्याचं ते जाड, वेडंवाकडं नाणं, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ठसा मोठा आणि नाणं लहान, त्यामुळे अक्षरं कडेला कापलेली असतात. पूर्ण, ठसठशीत, मध्यभागी बसलेली अक्षरं दिसली की मीच सावध होतो. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतरही दीडशेहून जास्त वर्षं शिवराया चलनात होत्या, तेव्हा हातात आलेली शिवराई ‘महाराजांच्या काळातली’च असेल असं नाही, बहुतेक नंतरचीच असते. नाणेवाल्या काकांनी हे स्वतःहून सांगितलं. त्यांच्याच ताटात राम-दरबाराचं चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेली नाणीही होती. “ही कंपनीने कधी पाडली?” मी विचारलं. “कंपनीने नाही पाडली, लोक मागतात म्हणून ठेवतो. देव्हाऱ्यात ठेवायला नेतात,” काका म्हणाले. याला मी प्रामाणिकपणा म्हणेन. मामा तेवढ्यात उगवले आणि त्यांनी ताटावरून चुंबक फिरवला. १९४७ चा वाघाचा रुपया टुणकन चिकटला. तो चिकटायलाच हवा. चांदी महाग झाली म्हणून तो निकेलमध्ये पाडला होता. दुसरा एक व्हिक्टोरियाचा ‘चांदीचा’ रुपयाही चिकटला. काकांनी तो मुकाट्याने ताटातून उचलून खिशात टाकला.

पितळेच्या भांड्यांकडे मी सर्वांत शेवटी गेलो, कारण तिथे एकदा गेलं की बाकीचं राहून जातं. एका मावशींनी पोत्यावर ढीग घातला होता. समया, घंगाळ, पुरणयंत्र, सोऱ्या, खलबत्ता, चौफुले, एका बंबाची नुसतीच तोटी, अडकित्ते. यातलं कुठलंही भांडं ‘अँटिक’ म्हणून आलेलं नव्हतं. मोडीच्या भावाने वजनावर घेतलेलं आणि भट्टीच्या वाटेवर इथे थोडा वेळ थांबलेलं. ढिगातलं जे आठवडाभरात उचललं जाणार नाही ते वितळणार. साठ-सत्तरच्या दशकांत स्टील आलं, कल्हईची कटकट गेली आणि पितळ माळ्यावर चढलं. आता माळे असलेली घरंच पडताहेत, तेव्हा ते खाली आलं आहे.

मराठी घरातलं भांडं ओळखायला एकच खूण पुरते: त्यावर नाव असतं. टोच्याने एकेक टिंब पाडून काढलेली अक्षरं. वाड्यात आणि चाळीत नळ सामाईक, पंगतीला भांडी घरोघरची गोळा व्हायची, तेव्हा नाव नसेल तर भांडं परत यायची खात्री नव्हती. आहेराच्या भांड्यावर तर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, निमित्त आणि तारीख, अख्खी पत्रिकाच. मी मावशींच्या ढिगाशेजारी उकिडवा बसून वाचत सुटलो. मुंजीचं ताम्हन. ‘स्मरणार्थ’ दिलेलं पंचपात्र. एका पातेल्यावर आधीचं नाव ठोकून बुजवून दुसरं घातलेलं. तिथे काय घडलं असेल याची कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही, भाऊ वेगळे झाले की अशी भांडी तयार होतात.

तांब्या त्या ढिगाच्या तळाशी होता. फिरकीचाच. एका बाजूला पोचा आलेला, झाकण घट्ट अडकलेलं, आणि गळ्याखाली टिंबांची ओळ: ‘...बाई यांजकडून सप्रेम भेट शके १८५१’. म्हणजे १९२९ च्या आसपासचा. बाईंचं नाव नेमकं जिथे हात धरायचा तिथे आल्यामुळे घासून गेलं होतं. चिंच आणि राख यांनी रोज घासलेल्या भांड्याची अक्षरं अशीच जातात: कडा आधी, मग टिंबं एकमेकांत मिसळतात. नकली जुनं करणारा पोचा आणू शकेल, काळेपणा आणू शकेल, पण एका हाताच्या पकडीएवढ्या जागेतच अक्षर झिजवायचा उद्योग तो कशाला करील?

मामांनी तांब्या गुडघ्यांत धरला, झाकणाभोवती खिशातल्या बाटलीतलं थोडं तेल सोडलं, दहा मिनिटं मावशींशी पावसावर गप्पा मारल्या आणि मग एक हिसका दिला. झाकण फिरलं. आटे भिंगाखाली गेले. “हाताने कातलेले. बघ, सुरुवातीचा आटा जाड आहे, पुढचे बारीक. आणि झाकण ह्याचंच आहे, दुसऱ्याचं आणून बसवलेलं नाही.” मावशींनी काटा काढला. किलोला किती ते आम्हाला सांगितलं नाही, एकदम नऊशे म्हणाल्या. “मावशी, पोचा आहे.” “पोचा आहे म्हणूनच नऊशे, नाहीतर तुम्हाला कुठला मिळतोय?” सातशे पन्नासवर मिटलं.

दुपारी बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात गेलो. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०), कवितेतले ‘अज्ञातवासी’, यांनी आयुष्यभर देशभर हिंडून गोळा केलेल्या वस्तू. अकाली गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि पुढे सगळं राज्य सरकारच्या हवाली केलं. सकाळी ढिगात जे पाहिलं त्याची थोरली भावंडं इथे काचेमागे उभी होती. अडकित्त्यांचं कपाट तर वेड लावणारं: घोडे, मोर, जोडपी, सुपारी कातरायच्या एवढ्याशा कामासाठी इतकी कल्पकता. मामांना इथे चैन पडेना. “सगळं पुढून दाखवलंय. एक तरी उलटं ठेवायचं.” त्यांची तक्रार रास्त आहे असं मला अजूनही वाटतं.

सोमवार

तांब्यात पाणी प्यायचं तर आतून कल्हई हवी. कसब्यातल्या तांबट आळीत सकाळी गेलो. ठोक्यांचा आवाज कोपऱ्यापासूनच येतो. पेशवाईत वसलेल्या या आळीत त्वष्टा कासार कारागीर तांब्याच्या पत्र्यावर एकेक ठोका शेजारी शेजारी देत मठारकाम करतात. बंब आणि घंगाळांना गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा त्यांतल्या काहींनी दिव्यांच्या शेड, ताटल्या, शोभेची भांडी करायला घेतली. तिथे एकाने तांब्याचा पोचा आतून काढून देतो म्हटलं, पण मामा नको म्हणाले: पत्रा ताणला की तिथे पातळ होतो.

विचारत विचारत कल्हईवाल्याकडे पोचलो. त्याने तांब्या भट्टीवर धरला, तापल्यावर नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर उठला, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने आतून फिरवली. क्षणात काळं पोट चांदीसारखं झालं. तांब्या पाण्यात बुडवून त्याने बाहेरून फिरवून पाहिला.

“बाहेरून बफ मारून देऊ? ही अक्षरं जातील, एकदम प्लेन होईल. विकायचा असला तर बरं पडतं.”

“नको,” मी आणि मामा एकदमच म्हणालो.

“बरं. दीडशे.”

मामांनी तिथल्याच नळावर तांब्या भरला, झाकण लावलं आणि उलटा धरला. धार नाही, पण टिप टिप सुरू झाली. त्यांनी शबनममध्ये हात घातला आणि नळाच्या जोडाला गुंडाळतात ती टेफ्लॉनची पांढरी टेप बाहेर काढली. शके १८५१ च्या आट्यांवर टेफ्लॉन टेप! मी सुती दोरा आणि मेण म्हणालो, ते म्हणाले दोरा कुजतो. शिवाजीनगर स्टेशन येईपर्यंत रिक्षात हेच चाललं होतं, आणि शेवटी रिक्षावाल्याने आमच्यात तोंड घातलं तेही टेपच्याच बाजूने.